उसनी बायको

(जपानच्या इगा प्रांतातलं डोंगरातलं एक खेडं. मोठ्या लढाया संपून चाळीस वर्षं होत आलेली. शरदातली दुपार. मागोबेईच्या घरात शेगडीजवळ तो लिहायला बसलेला आणि समोर गिरणीजवळच्या झोपडीत एकटी राहणारी म्हातारी ओकुमे.)

मागोबेई : कुत्र्याचं झालं. आता पुढचं कलम वाचतो. 'ज्या घरात मयत झालं असेल...'

ओकुमे : थांबा जरा. कुत्र्याचं झालं म्हणजे? त्या कुत्र्याचं पुढे काय होतं ते राहिलंच की.

मागोबेई : मरतं. भाताच्या गोळ्यात कुचला घातल्यावर दुसरं काय व्हायचं?

ओकुमे : आणि हे तुम्ही असं वळणदार अक्षरात लिहून ठेवताय.

मागोबेई : अक्षर चांगलंच हवं. नवं वर्ष लागलं की किल्ल्यावरचे कारभारी येणार आहेत. आपल्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या हेरगिरी केली. लोकांच्या तटांवरून चढलो, लोकांच्या जमिनीखाली झोपलो. आज आपल्याला कोण विचारतं? शेतात मुळे लावणारा मागोबेई. हे सगळं शास्त्र एकदा पोथीत बांधून कारभाऱ्यांसमोर ठेवलं, म्हणजे कळेल त्यांना आपण कोण आहोत ते. चहा घ्या ना, निवतोय.

ओकुमे : घेते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत बोलावलंत, चहाही दिलात. मनात म्हटलं, काहीतरी काम निघालेलं दिसतंय. वाचा, मयताचं काय ते.

मागोबेई : 'ज्या घरात मयत झालं असेल तिथे दुसऱ्या-तिसऱ्या रात्री शिरावं. माणसं रडून दमलेली असतात. गाढ झोपतात.'

ओकुमे : शी.

मागोबेई : यात शी काय? अनुभवाची गोष्ट आहे.

ओकुमे : अनुभवाचीच, म्हणून तर शी. कुणाचा कर्ता मुलगा गेला, त्याची आई कण्हत कण्हत जरा डोळा लागून पडली, आणि तुम्ही तिच्या उशाशी पाय ठेवून चाललात. आणि पहिल्या पानावर काय वाचलंत मघाशी?

मागोबेई : 'या विद्येचा पाया शुद्ध मन. शुद्ध मनावाचून हेर हा नुसता चोर.'

ओकुमे : शुद्ध मन. मग कुत्र्याला कुचला, मग मयताचं घर. एवढ्यात कुठे सांडलं हो ते मन?

मागोबेई : ओकुमेबाई, तुम्हाला थट्टा करायला बोलावलेलं नाही. मन धन्याच्या ठायी शुद्ध असलं म्हणजे झालं. हाताला काय लागतं ते महत्त्वाचं नाही.

ओकुमे : कशाला बोलावलंय ते सांगा मग, भावोजी.

मागोबेई : ते भावोजी नको. शेजारीपाजारी ऐकतात. तुम्ही दादाच्या कामापुरत्या बायको होतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. मी तर म्हणेन, मान आहे. त्याच कलमासाठी तुम्हाला बोलावलं. ऐका. 'उसनी बायको, उसनं मूल. शत्रू नव्या चाकरावर विश्वास टाकत नाही. त्याची बायकोमुलं ओलीस ठेवून घेतो. म्हणून हेरानं आधी आपल्या घरच्यांशी चारचौघांत भांडावं, हाकलून दिल्यासारखं दाखवावं, आणि उसनी बायको व उसनं मूल घेऊन शत्रूकडे चाकरी मागायला जावं. ती दोघं ओलीस द्यावी. विश्वास बसला की काम उरकावं आणि निघून यावं.'

ओकुमे : आणि ती दोघं?

मागोबेई : ते दादाच्या टिपणात नाही. दादानं पुढे एवढंच लिहून ठेवलंय, 'बाकी तोंडी'. आमच्यात खरं मर्म कागदावर येत नाही, बापानं मुलाला नाहीतर भावानं भावाला कानात सांगायचं असतं. दादानं सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात अंथरूण धरलं तेव्हाही मी विचारलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

ओकुमे : तोंडी होतं ते तोंडाबरोबर मातीत गेलं. बरं झालं.

मागोबेई : बरं कसं? पोथीला मध्येच भोक पडलं. आता या खोऱ्यात हे काम प्रत्यक्ष केलेलं असं एकच माणूस जिवंत आहे, ते म्हणजे तुम्ही. माझा प्रश्न साधा आहे. बाईला किती सांगायचं? सगळा बेत सांगायचा, की अर्धा? सगळा सांगितला तर चौकशीत ती घाबरून बोलून जाईल. अर्धा सांगितला तर उरलेल्या अर्ध्यावर संशय घेत बसेल. दादा नेहमी म्हणायचा, त्या बाईनं फार चोख काम केलं, किल्ल्यातल्या कुणाला शंका आली नाही. तुम्हाला त्यानं काय शिकवलं होतं?

ओकुमे : काय म्हणायचा? पुन्हा सांगा.

मागोबेई : चोख काम केलं म्हणायचा.

ओकुमे : ओकारी येते हो ऐकून. थांबा, चहा बाजूला ठेवते.

मागोबेई : मी तर स्तुतीच केली.

ओकुमे : मागोबेई, मी नाबारी गावातल्या वहाणा विणणाऱ्याची मुलगी. तुमचा भाऊ हिकोरोकू वहाणा घ्यायला आला आणि येतच राहिला. पाय झिजेनात, वहाणा झिजेनात, तरी येत राहिला. बापाकडे रीतसर मागणी घातली. गल्लीतली सगळी माणसं बसवून आम्ही एका पेल्यातून दारू प्यालो, माझ्या आईनं रडून घेतलं, झालं लग्न. कामापुरती म्हणे. माझं कुठलं काम? मला त्यानं सांगितलं, बाप रागीट आहे, तुला घरी नंतर नेईन. मी म्हटलं, नंतर तर नंतर.

मागोबेई : म्हणजे दादानं तुम्हाला कामाबद्दल सांगितलं ते लग्नानंतर?

ओकुमे : सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही. कान देऊन ऐका एकदा. आमचा चोमात्सू चालायला लागला तेव्हा एक दिवस म्हणाला, आता या धन्याकडे राम उरला नाही, घरच्यांशीही माझं बिनसलंय, आपण तळ्याकाठच्या किल्ल्यावर चाकरी धरू. मी भांडी बांधली आणि निघाले. नवरा निघाला तर बायको निघणार नाही का? तिथे म्हणाले, तुझी बायको आणि मुलगा आत राहतील. हा जमिनीला कपाळ टेकवून हो म्हणाला. मला वाटलं, केवढा मान. आत घर चांगलं होतं, रोज पांढरा भात. चोमात्सू गुबगुबीत झाला होता.

मागोबेई : जरा सावकाश सांगा. चौकशी कशी झाली?

ओकुमे : किल्लेदाराचा माणूस रोज यायचा. नवरा कुठला, का आला, झोपेत काय बडबडतो. मी म्हणायची, माझ्या नवऱ्यासारखा सरळ माणूस या सात खोऱ्यांत मिळणार नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली मी. खोट्या शपथेनं मूल मरतं म्हणतात. माझी शपथ तर खरी होती.

मागोबेई : आणि मग काम झालं.

ओकुमे : धान्याची कोठारं पेटली. हिकोरोकूनं आतून दार उघडून बाहेरच्यांना आत घेतलं आणि आग लागल्यावर त्यांच्याबरोबर निघून गेला. सकाळी किल्लेदाराची माणसं आमच्याकडे आली. चोमात्सूला धुराची गंमत वाटत होती, मला बोलावून बोलावून दाखवत होता. मला म्हणाले, डोळे मीट. मी नाही मिटले. त्याला वाटायला नको की आई बघत नाही.

मागोबेई : आणि तुम्हाला सोडलं कसं?

ओकुमे : किल्लेदाराची आई होती, म्हातारी. ती म्हणाली, हिला काहीच ठाऊक नव्हतं, हिच्या तोंडावरूनच दिसतंय. हिला मारणं म्हणजे हिची सुटका करणं. जाऊ दे हिला. केस कापून मला वेशीबाहेर घातलं. मला वाटलं, त्या रात्री नवराही मेला असणार. त्याच्या घरच्यांना कळवावं, दोघांचं दिवसपाणी करावं, म्हणून विचारत विचारत या गावात आले. याच दारात. आत मंगलकार्याला करतात तो लाल चवळीचा भात शिजत होता. तुम्ही होतात, मिसरूडही फुटलं नव्हतं तुम्हाला. पंगत बसली होती. हिकोरोकू मध्ये, आणि त्याच्या शेजारी तुमची वहिनी, नवी कोरी. मला बघून काय म्हणाला, आठवतं?

मागोबेई : मी लांब बसलो होतो.

ओकुमे : म्हणाला, तू आलीस? बरं झालं. त्यांनी तुला काय काय विचारलं?

मागोबेई : हूं.

ओकुमे : घरात त्यानं सांगितलं, ही कामावर घेतलेली बाई. मी सांगणार तरी कुणाला? बाप मेला होता, नाबारीचं घर दुसऱ्याला गेलं होतं. गिरणीजवळची झोपडी दिली, त्यात राहिले. तो मेला तेव्हा मी लांबून बघितलं, डोळ्यांत पाणी येतंय का म्हणून. नाही आलं.

मागोबेई : पण मूल. दादा म्हणाला होता, देवळाच्या पायरीवरचं उचललेलं पोर होतं.

ओकुमे : माझ्या पोटचं. आणि त्याच्या रक्ताचं. कान असे बाहेर आलेले होते, तुमच्यासारखे. तुमचे कान बघितले की अजून माझी मान दुसरीकडे वळते.

मागोबेई : म्हणजे माझा पुतण्या.

ओकुमे : आता कळलं?

मागोबेई : दादानं स्वतःचा मुलगा... आईला कळलं असतं तर तिनं... नाही, आईला कळायला नकोच होतं. कुणालाच नको होतं. थांबा. थांबा हं. बाईला काही सांगायचंच नाही. किती सांगायचं हा प्रश्नच चुकीचा होता. बायको खरी, मूल खरं, लग्न खरं. उसनं आहे हे फक्त हेराला ठाऊक. तिला हवं तितकं विचारा, उलटं टांगून विचारा, ती खरंच बोलणार. खऱ्यातून खोटं कोण शोधून काढेल? हेच ते. हेच दादाचं तोंडी.

ओकुमे : तुम्ही काय करताय?

मागोबेई : लिहून ठेवतो. नंतर शब्द सापडत नाहीत.

ओकुमे : मी तुम्हाला माझ्या लेकाचं मरण सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. आणि तुम्ही त्याचं कलम केलंत.

मागोबेई : तुमचं नाव घातलेलं नाही.

ओकुमे : माझं नाव. अहो, शेणातला किडासुद्धा शेण खाऊन गप्प बसतो, ते वळणदार अक्षरात लिहीत नाही. मला वाटलं होतं, पुतण्या म्हटल्यावर तरी तुमच्या हातातला कुंचला थांबेल.

मागोबेई : थांबला होता की. तुम्ही बघितलंत. पण दादा गेला, ते मूलही गेलं. विद्या राहते.

ओकुमे : असल्या विद्येच्या तोंडात माती. बरं, मला एक सांगा. कारभाऱ्यांना ही चोपडी शोभेला दाखवायची ना? मग त्यात एक वाक्य कमी पडलं तर त्यांना कळणार होतं का? 'बाकी तोंडी' लिहिलेलंच भारदस्त दिसलं असतं. तुम्हाला एवढी नड कसली पडली की मला चहा पाजून आत घ्यावं?

मागोबेई : पोथी पुरी असावी, एवढंच.

ओकुमे : 'आधी आपल्या घरच्यांशी चारचौघांत भांडावं.' असंच वाचलंत ना मघाशी? तुम्ही तान्झोला मागच्या महिन्यात कापणीच्या जेवणात सगळ्या गावासमोर हाकललंत. पोटच्या पोराला. ताट भिरकावलंत म्हणे.

मागोबेई : ते बापलेकांचं आहे. तुम्ही त्यात पडू नका.

ओकुमे : सगळं गाव म्हणत होतं, मागोबेईला झालंय काय? आवाज न चढवणारा माणूस. मीही म्हणत होते. आता नाही म्हणत. कुठे पाठवताय त्याला?

मागोबेई : कुठेही नाही.

ओकुमे : लढाया तर संपल्या.

मागोबेई : लढाया संपल्या, तटबंद्या संपल्या नाहीत. पलीकडच्या खोऱ्यातल्या सरदारानं तट उंचवायला घेतलाय. का घेतलाय, ते आपल्या धन्याला कळायला नको? कारभाऱ्यांनी निरोप धाडला, तुमच्या घराण्यात अजून कुणी आहे का. चाळीस वर्षांनी असा निरोप आला, ओकुमेबाई. मी नाही म्हणू? तिथे नवा चाकर ठेवताना बायकोमुलं तटाच्या आत ठेवून घेतात, एवढं मला कळलं. सूनबाईला सांगावं की न सांगावं, या विचारानं माझी झोप उडाली होती. ते कोडं तुम्ही सोडवलंत. खरंच आभारी आहे.

ओकुमे : मी सोडवलं.

मागोबेई : दुसरं कोण होतं सांगायला?

ओकुमे : आणि तिचं तान्हं? तुमची नात.

मागोबेई : मुलगी आहे.

ओकुमे : म्हणजे काय, मुलगी आहे?

मागोबेई : म्हणजे मुलगी आहे. तान्झो तरुण आहे, पुन्हा संसार मांडेल. आणि दर वेळी तसंच होतं असंही नाही. कदाचित तट नुसता पडला असेल म्हणून बांधत असतील. मग तो बघून येईल आणि सगळी घरी येतील.

ओकुमे : तान्झोला ठाऊक आहे?

मागोबेई : तान्झो या घरचा मुलगा आहे.

ओकुमे : चाळीस वर्षं मी समजत होते की हिकोरोकू एकटाच तसला. एखादं फळ नासतं, तसा. नाही हो. तुमच्या झाडालाच कीड आहे. मला इथे बसवत नाही. तुमच्या पेल्याला तोंड लावलं, त्याचीसुद्धा किळस येतेय.

ओसायो : मामंजी, आत येऊ का? मी ओसायो. दार उघडंच होतं. अगंबाई, आजी आहेत का? मी नंतर येते.

मागोबेई : कशाला आलीस? या घराशी तुमचा संबंध तुटलाय.

ओसायो : हो, ठाऊक आहे मला. मी त्यांना न सांगता आलेय. मुळ्याचं लोणचं आणलंय, सासूबाई घालायच्या त्या पद्धतीनं. तुम्हाला आवडतं म्हणून. बाळाला शेजारी ठेवून आले, लगेच जाणार आहे. मामंजी, माझं ऐकून तरी घ्या. आम्ही परवा निघतोय, पलीकडच्या खोऱ्यात. तिथल्या सरदाराकडे त्यांना चाकरी मिळतेय. राहायला घर देणार, तेसुद्धा तटाच्या आत. सगळं चांगलंच आहे, पण असं भांडून जाणं माझ्या जिवाला लागलंय. त्यांचं चुकलं असेल तर मी पाया पडते त्यांच्या वतीनं. निदान जाताना बाळाच्या डोक्यावर हात ठेवायला या.

मागोबेई : लोणचं ठेव आणि जा.

ओकुमे : ओसायो, बस इथे.

मागोबेई : ओकुमेबाई, तुमचं काम झालंय. झोपडीकडे निघा. ती झोपडी आमच्या जागेत आहे, हेही वाटेत आठवा.

ओकुमे : घ्या परत. आजच घ्या. ओसायो, तुझा नवरा हल्ली बाळाला घेतो का?

ओसायो : असं काय विचारता? घेतात की. म्हणजे आधी घ्यायचे. ते भांडण झाल्यापासून जरा... मी मांडीवर ठेवली तर लगेच माझ्याकडे परत देतात. म्हणतात, हाताला गवताचा वास येतोय, नको.

ओकुमे : हिकोरोकू म्हणायचा, पाठ दुखतेय.

ओसायो : कोण?

ओकुमे : माझा नवरा. यांचा थोरला भाऊ. त्यानंही असंच चारचौघांत भांडण काढलं होतं. आम्हीही असेच तटाच्या आत राहायला गेलो होतो, मी आणि माझा मुलगा. तिथे घर देतात ते तुला नाही देत, तुला ठेवून घेतात. नवऱ्यानं दगा केला तर हातात काहीतरी असावं म्हणून. आणि तो दगा करायलाच आलेला असतो. तुझा सासरा तुझ्या नवऱ्याला हेर म्हणून पाठवतोय, पोरी. हे भांडण नाटकातलं आहे. आणि तू आणि तुझी लेक त्यात सामान आहात, मागे टाकून यायचं. माझा चोमात्सू असाच मागे राहिला.

मागोबेई : म्हातारी भ्रमिष्ट आहे. हिच्या मुलाचं खूळ गावाला ठाऊक आहे. कधीकाळी एक पोर दगावलं, तेव्हापासून प्रत्येक घरात तिला तेच दिसतं. सूनबाई, तू शहाणी आहेस, असलं काही मनात धरू नकोस.

ओसायो : आजी तर सगळं नावानिशी सांगताहेत, मामंजी.

मागोबेई : वय झालं की होतं.

ओसायो : मग हे खोटं आहे ना? तुमचं आणि त्यांचं खरंच बिनसलंय?

मागोबेई : खरंच बिनसलंय. माझ्या डोळ्यांसमोर तो नको मला.

ओसायो : मग मिटवा ना. आत्ताच. मी त्यांना बोलावून आणते, खाली बसून ते तुमच्या पायावर डोकं ठेवतील, मी ठेवायला लावीन. तुम्ही एकदा म्हणा, राहा इथेच. मग कशाला परवा जायचं? आम्हाला कुठे तिथल्या घराची हौस आहे?

मागोबेई : ते आता शक्य नाही.

ओसायो : का?

मागोबेई : नाही म्हणजे नाही.

ओसायो : तुमचा राग एवढा असेल तर नुसतं बाळाला ठेवून घ्या. आम्ही दोघं जातो. चाकरी लागली की थंडी सरल्यावर नेईन तिला. तुमच्याच घरात वाढेल की. तिच्यावर तर राग नाही ना?

मागोबेई : मुलाला आईपासून तोडून कुठे... बाळ तुझ्याबरोबरच हवं.

ओसायो : हवं. कुणाला हवं, मामंजी?

मागोबेई : लोक काय म्हणतील?

ओकुमे : बघितलंस? कुत्र्याला कुचला घातलेला भात खुशाल भरवतात हे. वाचून दाखवलंय मला सगळं.

ओसायो : आजी, तुम्ही जरा थांबा. मला पाणी द्या थोडं. नको, यांच्या माठातलं नको.

ओकुमे : रड हवं तर.

ओसायो : रडू येत नाहीये. हे रोज रात्री माझ्या शेजारी झोपतात. मी त्यांचे पाय चेपते. काल विचारत होते, तिथे नेण्यासाठी बाळाला नवा झगा शिवलास का. तिथल्या लोकांना बरं दिसायला हवं म्हणाले. मी रात्रभर बसून शिवला. त्यावर सशाचं चित्र काढलं.

ओकुमे : माहेर आहे ना तुला? माझ्यासारखं नाही. बाळाला घे आणि तिकडे जा. आजच.

ओसायो : माहेरी गेले तर हे दुसरी आणतील.

ओकुमे : आणू दे. तू सुटलीस.

ओसायो : तिलाही बाळ होईल ना, आजी? तिच्याकडे कोण येऊन सांगेल? तुम्ही काय जन्मभर बसणार आहात इथे चहा प्यायला?

मागोबेई : हे बघ, सूनबाई. तू ऐकलंस ते ऐकलंस. पण तू या घरची आहेस. तुझ्या नवऱ्याच्या नावाला, या घराण्याला चाळीस वर्षांनी दिवस आलेत. मी तुला सगळं नीट समजावून सांगतो. तू सामील झालीस तर तुझा मान राहील. पोथीतसुद्धा लिहीन, अशी धीराची बाई होती म्हणून.

ओकुमे : घ्या. आता पोथीत जागा देताहेत.

ओसायो : समजावायला नको, मामंजी. मी जाणार आहे त्यांच्याबरोबर.

ओकुमे : वेडी झालीस का तू? मी हे सगळं कशासाठी ओकले मग?

ओसायो : तुम्ही सांगितलंत म्हणूनच जाणार. तटाच्या आत पहिल्या दिवशी काय विचारतात, आजी?

ओकुमे : नवरा कुठला. का आला. घरच्यांशी खरंच भांडण झालं का. तेच तेच, फिरवून फिरवून.

ओसायो : मग मी सांगेन. भांडण खोटं होतं. सासऱ्यांनी पाठवलंय, तट बघायला. विचारतील तेवढं सांगेन.

मागोबेई : तुला कळतंय का काय बोलतेस? तुझ्या नवऱ्याला तिथल्या तिथे उभा चिरतील.

ओसायो : हो. ते त्यांना घरी जाऊन सांगते. तुम्हालाही सांगितलं. आता न्यायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. दुसरी आणायची म्हणालात तर मी तिच्या दारात जाऊन बसेन, तिच्या आईच्या दारात बसेन.

मागोबेई : असं कुठली बायको करते? थोडे दिवस तोंड बंद ठेवायचं आहे. एक शब्द खोटा बोलायचा, की सगळे सुखरूप.

ओसायो : मला खोटं बोलता येत नाही, मामंजी. एवढी स्थळं सोडून तुम्ही मला बघून आणलंत, ते त्यासाठीच ना?